मांजरा आली

बिरादारांची ती हाक ऐकली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमच्याकडे दिवसाआड पहाटे नळाला पाणी येतं. पाणी यायच्या आधीच बिरादार पोर्चमधल्या नळापाशी तांब्याचा तांब्या घेऊन उभे असायचे. नळ आधी खोकायचा, मग नुसती हवा सोडायचा, मग थोडं गढूळ थुंकायचा आणि मग धार लागायची. बिरादार ओंजळ धरायचे, एक घोट तोंडात घोळवायचे, डोळे मिटून गिळायचे आणि जिन्याकडे तोंड करून सांगायचे, "मांजरा आली." जशी काही त्यांची लेकच सासरहून आली.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. मराठवाड्यातली मांजरा तेलंगणात मंजीरा होते, आणि हैदराबादेत नळाच्या पाण्यालाच मंजीरा म्हणतात. बोअरचं ते बोअर, नळाचं ते मंजीरा. "आज मंजीरा आया क्या?" असं शेजारपाजारच्या बायका एकमेकींना विचारतात, आणि त्यांच्या डोक्यात त्या वेळी नदीबिदी काही नसते. बिरादारांच्या डोक्यात मात्र नदीच होती. ते मूळचे निलंग्याकडचे, मांजरेच्या काठचे. निजामाच्या काळात घरात पाटीलकी होती, जमीन होती. इथे आबिड्सच्या एका ऑफिसात खुर्ची झिजवून ते रिटायर झाले, पण हिमायतनगरच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे पाटीलच म्हणायचे. वॉचमन 'पटेल साब' म्हणायचा, वरच्या मजल्यावरच्या शाहीनआपा 'पाटील साब' म्हणायच्या. मी मात्र बिरादारच म्हणायचे आणि आजही तेच म्हणते. गावची नदी आपल्या मागोमाग हैदराबादेत आली आणि आपल्या पोर्चमध्ये नळातून पडते, याचा त्या माणसाला इतका ताठा होता की जणू पाइप त्यांच्या आजोबांनीच टाकला होता.

आम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या दिवसाचं सांगते. सामान अजून टेम्पोतच होतं. बिरादार वेताच्या खुर्चीवर बसले होते. आमचं मराठी कानावर पडताच लगेच उठले.

"गाव कोणतं म्हणायचं?"

माझ्या नवऱ्याने गावाचं नाव सांगितलं. बिरादारांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "अहो, मग आमच्या खालचंच की. एकाच पाण्याचे आपण. मांजरेचे." त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. "आडनाव काय म्हणालात?"

"कांबळे."

हात सुटला नाही, पण सैल पडला. ते दोन्ही मला दिसलं. "हां हां," ते म्हणाले. "असू द्या. पाणी काय, सगळ्यांचंच असतंय."

असू द्या. मी काय त्यांच्या पायावर पाय दिला होता की त्यांनी असू द्या म्हणावं? नवरा म्हणाला, सोड ना, म्हातारा माणूस आहे. मी सोडलं नाही. खालचं म्हणजे काय, हे मला सासऱ्यांकडून ठाऊक होतं. नदीचं वरचं अंग पाटलांचं होतं. तिथून खाली गुरं धुवायची जागा, आणि त्याच्याही खाली आमची माणसं. सरळ नदीतलं पाणी प्यायची सोय नव्हती. वाळूत झिरा उकरायचा, पाणी पाझरून वर येईपर्यंत उकिडवं बसून राहायचं आणि मग वाटीने घागर भरायची. सासरे हे सांगताना हसायचे. मला कधी हसू आलं नाही. आमच्या घरात पाणी उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही, ती सवयही तिथूनच आलेली आहे.

तर असे हे बिरादार. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, कपाळाला गंध. पोर्चखाली पाण्याचा संप होता, म्हणजे जमिनीत पुरलेली टाकी, आणि संपच्या झाकणावर कोणी चप्पल घालून पाय दिला की हे तिथूनच ओरडायचे, "नदीत चपला घालून उभं राहता का घरी?" शाहीनआपांची मोठाली पोरं कॉलेजला जाताना बूट हातात घेऊन ते झाकण ओलांडायची. आपा म्हणायच्या, "पाटील साब से कौन बहस करे, बाजी. उनका दर्या है, उनो जाने." दर श्रावणात ते झाकणाला हळदकुंकू वाहायचे. खाली कसलं पाणी साठत होतं ते आम्हाला पुढे कळलं.

विकतच्या पाण्याचा कॅन आणि फिल्टर, दोन्हींचा त्यांना संताप होता. "मुकं पाणी," म्हणायचे. "मांजरेचं पाणी बोलतं. तुमचं ते मशीनचं पाणी मुकं. मुकं पाणी पिऊन पोरं मुकी होतात. बघा, एकाला तरी धड मराठी येतंय का." आणि वर, "पाण्याला नाव असतंय, कांबळेबाई. बिननावाचं पाणी पिऊ नये." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं असेल की झोपेतही म्हणून दाखवीन.

एकदा मात्र ते बरोबर ठरले. खोटं कशाला बोलू. फिल्टर विकणारा एक टायवाला आला होता. बिल्डिंगच्या बायका पोर्चमध्ये जमल्या. त्याने एका ग्लासात नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात आपल्या मशीनचं. दोन्हींत सळया बुडवल्या आणि वीज लावली. नळाचं पाणी बघता बघता विटकरी झालं आणि वर घाण फेस आला. मशीनचं तसंच स्वच्छ. बायका तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. बिरादार उठले, घरात गेले आणि चिमूटभर मीठ घेऊन आले. ते मशीनच्या पाण्यात टाकलं.

"आता लाव वीज."

त्याचंही पाणी विटकरी झालं.

"तुझ्या सळया गंजतात, लेका. पाणी नाही," बिरादार म्हणाले आणि भरून ठेवलेल्या नळाच्या पाण्यात तांब्या बुडवून सगळ्यांसमोर घटाघट प्यायले. टायवाल्याने मशीन आवरलं. सगळी बिल्डिंग हसली, मीसुद्धा हसले. पण त्या दिवसाने घात केला. पाण्याचं पाटील सांगतील ते खरं, हे तेव्हापासून ठरूनच गेलं. ती एक खोटी परीक्षा त्यांनी पकडली, म्हणून पाण्याच्या बाबतीत त्यांना तपासायचं नाही असा बिल्डिंगचा कायदाच झाला.

मग वास यायला लागला. आधी पहिल्या धारेला, नंतर अर्धी बादली भरेपर्यंत. अंडं नासल्यासारखा. शाहीनआपांच्या धाकट्याला जुलाब झाले, तळमजल्यावरच्या भाडेकरूला कावीळ झाली आणि तो गावी निघून गेला. बिरादार म्हणायचे, "वर पाऊस झाला असंल. नदी जरा गढूळते." मी चिडून पाण्याच्या लाइनमनला बोलावलं. यादय्या त्याचं नाव. त्याने गल्लीच्या तोंडाशी मोठ्या लाइनचं पाणी काचेच्या नळीत घेऊन थेंब टाकले, तर पाणी पिवळं झालं. म्हणजे त्यात जंतू मारायचं औषध होतं. आमच्या नळाच्या पाण्यात थेंब टाकले, तर ते तसंच राहिलं.

"अम्मा, उधर का पानी अच्छा है," यादय्या म्हणाला. "गल्ली से तुम्हारे घर तक का जो पाइप है, उनो खराब है. पुराना लोहे का है, मोरी के अंदर से आया. पानी बंद रहता तो मोरी का पानी खींच लेता."

मोरी म्हणजे इथे गल्लीतलं गटार. बिल्डिंगचा तो स्वतःचा पाइप. बिल्डिंग बांधली तेव्हा टाकलेला, नंतर कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. यादय्याचं म्हणणं साधं होतं. मोरीतून जाणाऱ्या लाइनवर आता नवं कनेक्शन देत नाहीत. समोरच्या रस्त्यावर नवी लाइन आहे, तिथून प्लास्टिकचा पाइप घ्यायचा, जुना बंद करायचा. एका दिवसाचं काम. फक्त कनेक्शन ज्याच्या नावावर असेल त्याची सही लागेल. कनेक्शन पहिल्यापासून बिरादारांच्या नावावर.

"समोरची लाइन कशाची?" बिरादारांनी विचारलं.

"कृष्णा की है, साब."

झालं. बिरादारांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. रविवारी सगळ्यांना पोर्चमध्ये बोलावलं आणि सांगितलं, पाइप बदला, खुशाल बदला, पण ह्याच लाइनवर बदला. मांजरा तोडून कृष्णेचं पाणी घ्यायला ते सही करणार नाहीत. "माझ्या हयातीत नाही. घरी आलेली नदी मी दारातून परत लावू काय?"

मी म्हणाले, "बिरादार, नदी नाही ती. त्यात मोरी आहे."

"मी रोज पितो की. मला काय झालं?"

"भाडेकरूला झालं ना."

"तो बाहेरचं खायचा."

आपा म्हणाल्या, बुजुर्ग आहेत, समजावू हळूहळू. माझा नवरा म्हणाला, नंतर बोलू. त्या बैठकीला जमलेल्या सगळ्यांना म्हाताऱ्याचं मन मोडायचं नव्हतं. मला ते मोडायचं होतं, पण माझ्या हातात सही नव्हती.

आणि त्याच सुमारास माझी रेणू बाळंतपणाला माहेरी आली. नांदेडहून. पहिलंच बाळंतपण, सातवा लागला होता. मी तिला दाराशीच सांगितलं, नळाचं पाणी तोंडात घ्यायचं नाही. दातसुद्धा उकळलेल्या पाण्याने घासायचे. भाज्या, कोथिंबीर, सगळं मी उकळून गार केलेल्या पाण्यात धुवायची. नवरा हसायचा. हसू दे म्हटलं.

पण रेणूला बिरादार आवडायचे. लहानपणापासून ती त्यांना 'तात्या' म्हणायची. तिचं मराठी म्हणजे अर्धं दखनी, अर्धं इंग्रजी, मराठी पेपर वाचायला दिला तर बोट ठेवून वाचणार. तात्या तिला दुपारी खाली बसवून वाचायला लावायचे, चुकलं की कपाळाला हात लावायचे. ती हसायची. माहेरी आल्यावर पुन्हा तेच सुरू झालं. दुपारी मी ऑफिसात. नामपल्लीहून संध्याकाळी यायची तेव्हा ती खाली पोर्चमध्ये पाय लांब करून बसलेली असायची आणि बिरादार समोर.

एक दिवस मी रिक्षातून उतरले आणि पाहिलं. रेणूच्या हातात तो तांब्याचा तांब्या होता. ती पीत होती. तोंड लावून.

"रेणू," मी एवढंच म्हणाले.

बिरादार माझ्याकडे बघून हसले. अगदी मनापासून हसले, तेच मला आजही सहन होत नाही. "पिऊ द्या की, बाई. पोटुशी पोर आहे. माहेरच्या नदीचं पाणी पोटात गेलं पाहिजे." आणि मग आवाज खाली आणून, जणू मला काही मोठी ठेव देत असल्यासारखे, "माझ्या तांब्यातनं पिती तुमची लेक. आमच्या वडलांनी बघितलं असतं तर घर सोडलं असतं त्यांनी. पण आपण आता मानत नाही तसलं."

मी तांब्या तिच्या हातातून काढून घेतला आणि पाणी झाडात ओतलं. तिला वर नेलं. वर गेल्यावर तीच माझ्यावर चिडली. "मम्मी, कितना बुरा लगा उनको. रोज देतात ते. प्यार से देतात. मी नको कसं म्हणू? आपणच म्हणतो ना, त्यांनी कधी पाणी दिलं नाही. आता देतायत तर आपण नको म्हणायचं?"

रोज देतात. मी पलंगावर बसले. पोरीचं काय चुकलं होतं? ज्यांच्या घरातून आमच्या कोणाच्या ओंजळीत पाणी पडलं नव्हतं, त्या घराचा तांब्या तिच्या हातात आला होता, आणि ती तो नको म्हणू शकली नाही. मी असते तर म्हटलं असतं. ती माझ्यापेक्षा चांगली आहे, म्हणून तिला नको म्हणता आलं नाही.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही आणि सांगायचंही नाही. आधी ताप आला, अन्नावरची वासना गेली. मग डोळे पिवळे झाले. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" गरोदरपणात पाण्यातून झालेली कावीळ फार वाईट असते, हे त्यांनी आम्हाला बाहेर उभं करून सांगितलं. मला ते आधीच माहीत होतं, म्हणून तर मी उकळत होते. रेणू शुद्धीत नव्हती तेव्हा बाळ गेलं. मुलगी होती. रेणू वाचली. जावई खिडकीपाशी उभा राहून रडला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त तांब्या होता.

मी हॉस्पिटलमधून घरी आले ती कपडे घ्यायला. पण आधी बिरादारांच्या दारात गेले. ऑफिसच्या पर्समध्ये नव्या कनेक्शनचा अर्ज होताच. तो त्यांच्यापुढे धरला.

"सही करा."

"पोर कशी आहे?"

"सही करा."

"मी येणार होतो बघायला. पण म्हटलं..."

"सही करा."

त्यांनी केली. मला तेव्हा कणभरही वाईट वाटलं नाही, आणि आता तरी वाटतं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

यादय्या माणसं घेऊन आला. दुपारपर्यंत समोरच्या रस्त्यापासून नवा पाइप संपपर्यंत आला. मग त्यांनी जुना उकरला. मोरी ओलांडून येतो तिथे पाइप राहिलाच नव्हता, नुसती चाळण. फावडं लागताच तुकडा पडला आणि आतून काळा गाळ आला. वास असा की आपांनी वरच्या खिडक्या लावून घेतल्या. मी बाजूला उभी होते. मला सगळं बघायचं होतं.

बिरादार धोतराचा सोगा नाकाला लावून पुढे आले. दुसऱ्या हातात तांब्या होता. यादय्याला म्हणाले, "बंद करायच्या आधी गल्लीतल्या मोठ्या लाइनवरनं एक तांब्या भरून दे. शेवटचं. मांजरेचं."

यादय्याला आधी कळलंच नाही. मग तो हसला. वाईट हसला नाही, नवल वाटल्यासारखा हसला. "मंजीरा किधर का, साब? इस तरफ मंजीरा कब का बंद हुआ. ये पुरानी लाइन में भी कृष्णाच है, कितने साल से. लोगाँ को आदत है, मंजीरा बोलते. नाम रह गया, बस."

"म्हणजे ही..."

"हौ. येईच पानी, वोईच पानी. दोनों कृष्णा."

बिरादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही. ओंजळीत धरून, तोंडात घोळवून, डोळे मिटून हा माणूस वर्षानुवर्षं ओळख पटवत होता ती कृष्णेची. वर मोरीची. ह्या एका नावासाठी सही अडली होती. ते तांब्या तसाच रिकामा घेऊन आत गेले.

त्यानंतर त्यांची हाक बंद झाली. संपच्या झाकणावरून पोरं बूट घालून जायला लागली, ते काही म्हणायचे नाहीत. थोड्याच दिवसांत त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, आणि त्यांच्या घरात आता दुसरे लोक राहतात. जायच्या आदल्या पहाटे मी दूध आणायला खाली उतरले, तर बिरादार नळापाशी उभे होते. नळ खोकला नाही. सरळ स्वच्छ धार लागली. तांब्या नळाखाली होता, पण ओंजळ त्यांनी धरली नाही. नुसते बघत राहिले.

माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "कांबळेबाई, आता ह्याला काय म्हणायचं हो?"

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. रेणू वर झोपली होती, अजून तिच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती.

"माझ्या नातीला नाव ठेवता आलं नाही," मी म्हणाले. "पाण्याला कशाला हवंय?"

तांब्या भरला, वाहू लागला, पाणी त्यांच्या पायांवरून मोरीकडे जायला लागलं, तरी ते हलले नाहीत. दिवसाआड येणारं पाणी असं सांडलेलं मला बघवत नाही. मी पुढे होऊन नळ बंद केला आणि दूध आणायला गेले.